बेटी रॉबिन्सन रिलेकडे का वळली?

बर्लिन ऑलिम्पिकमध्ये १९३६ साली महिलांची ४×१०० मीटर रिले, म्हणजे चौघींनी एकेक टप्पा धावत बॅटन नावाची छोटी नळी पुढचीच्या हाती सोपवायची शर्यत, अमेरिकेने जिंकली. त्या संघातून तिसरा टप्पा धावलेली बेटी रॉबिन्सन ही आठ वर्षांपूर्वीची १०० मीटरची विजेती. मग बर्लिनला ती १०० मीटर का धावली नाही? कारण होतं तिच्या गुडघ्यात.

बेटी इलिनॉय राज्यातली. ट्रेन गाठायला धावणाऱ्या या मुलीचा वेग शाळेतल्या एका शिक्षकांच्या नजरेत भरला. मार्च १९२८ मध्ये ती पहिली अधिकृत शर्यत धावली आणि ३१ जुलैला अॅमस्टरडॅममध्ये ऑलिम्पिक सुवर्ण! वेळ १२.२ सेकंद, वय अवघं १६. ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या अॅथलेटिक्सचं ते पहिलंच वर्ष होतं. त्याच स्पर्धेत रिलेमध्ये तिला रौप्यही मिळालं. १०० मीटरची तिच्याहून लहान ऑलिम्पिक विजेती आजवर झालेली नाही.

जून १९३१ मध्ये ती बसलेलं छोटं विमान कोसळलं. बचावासाठी धावलेल्या माणसाने तिला मृतच समजलं, ही कथा अजूनही रंगवून सांगितली जाते. मला मात्र तिच्या पायाची हकिकत जास्त मोलाची वाटते. पाय मोडला, कित्येक महिने चाकाच्या खुर्चीत गेले, १९३२ चं ऑलिम्पिक हुकलं. ती पुन्हा धावू लागली खरी, पण गुडघा पूर्ण वाकेना.

धावपटूसाठी ही अडचण साधी नव्हती. सुरुवातीला पाय टेकवायचे ठोकळे, म्हणजे स्टार्टिंग ब्लॉक, तेव्हा प्रचारात नव्हते. धावपटू ट्रॅकवर छोटे खड्डे खणत, त्यात पाय रोवून ओणवे बसत आणि बंदुकीच्या आवाजासरशी उसळत. बेटीला तसं बसताच येईना, म्हणजे १०० मीटर संपली. रिलेत मात्र ओणवं बसावं लागतं ते फक्त पहिलीला. बाकीच्या तिघी उभ्यानेच धाव सुरू करतात. बेटीने तीच वाट धरली.

अंतिम शर्यतीत जर्मनीचं पारडं जड होतं. प्राथमिक फेरीत त्यांनी ४६.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता, आणि बॅटनच्या शेवटच्या बदलापर्यंत आघाडीही त्यांचीच होती. तिथे मारी डोलिंगरकडून इल्झे डॉर्फेल्टकडे जाताना बॅटन पडलं. बेटीने मात्र आपलं बॅटन हेलन स्टीफन्सच्या हाती नीट दिलं, आणि अमेरिका ४६.९ सेकंदांत जिंकली. याला कुणी नशीब म्हणतं, ते मला पटत नाही. बॅटन सोपवणं हा रिलेचाच भाग आहे, आणि तो बेटीने चोख पार पाडला.