बॅगर रेसिंग

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेल्या अवजड अमेरिकन क्रूझर मोटारसायकलींना शर्यतीच्या गाड्यांचे रूप देऊन डांबरी सर्किटवर पळवण्याचा क्रीडाप्रकार. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना कायमच्या बसवलेल्या कडक पेट्या आणि पुढे वारा अडवणारे मोठे फेअरिंग असलेल्या क्रूझरला अमेरिकेत बॅगर म्हणतात. हा खेळ मुख्यतः दोन गाड्यांभोवती फिरतो : हार्ले-डेव्हिडसनची रोड ग्लाइड आणि इंडियन मोटरसायकलची चॅलेंजर. ‘किंग ऑफ द बॅगर्स’ ही त्याची प्रमुख स्पर्धा मोटोअमेरिका ही संस्था भरवते. 500 सीसी गटात 1990 ते 1992 असे सलग तीनदा जगज्जेते ठरलेले वेन रेनी या संस्थेचे अध्यक्ष आहेत.

रस्त्यावरची गाडी शर्यतीला उतरवण्याची अमेरिकी परंपरा जुनी आहे. 1934 पासून तिथल्या राष्ट्रीय मोटारसायकल संघटनेने ‘क्लास सी’ हा वर्ग चालू केला आणि बाजारात मिळणाऱ्या गाड्यांना शर्यतीचे दार उघडून दिले. मंदीच्या त्या काळात कारखान्यांच्या खास महागड्या यंत्रांशी टक्कर देणे साध्या स्वाराला परवडणारे नव्हते. अनेक जण ज्या गाडीवर बसून मैदानावर येत, तिचेच दिवे आणि मडगार्ड उतरवून शर्यत खेळत आणि संध्याकाळी तिच्यावरूनच घरी जात. हार्लेच्या डब्ल्यूआर, केआर आणि 1970 साली आलेली एक्सआर-750 या गाड्या याच वर्गात घडल्या. 1983 मध्ये फ्लोरिडातील डेटोना सर्किटवर जे स्प्रिंगस्टीन यांनी ‘ल्युसिफर्स हॅमर’ या हार्लेवर दोन सिलिंडरच्या गाड्यांची शर्यत जिंकली. मात्र या सगळ्या गाड्यांची दिशा एकच होती : जे जे जड आणि अनावश्यक, ते काढून टाकणे.

बॅगर रेसिंगने ही वाट सोडली. इथे पेट्या आणि फेअरिंग काढता येत नाहीत, इंजिन व्ही-ट्विनच, म्हणजे इंग्रजी V च्या आकारात दोन सिलिंडर असलेले लागते आणि गाडीचे वजन किमान 620 पौंड, म्हणजे सुमारे 281 किलो भरावे लागते. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेतल्या गाडीला हीच मर्यादा 157 किलोची आहे. खेळाचा सगळा कस या अटींत आहे. पेट्या काढायची मुभा दिली असती, तर चार-दोन वर्षांत या गाड्या इतर कोणत्याही रेसिंग गाडीसारख्या दिसू लागल्या असत्या आणि त्यांच्याकडे पाहण्याचे कारणच उरले नसते.

हार्लेच्या ताफ्यातून रोड ग्लाइडचीच निवड का झाली, हे तिच्या फेअरिंगकडे नीट पाहिले की कळते. हार्लेच्याच स्ट्रीट ग्लाइडचे फेअरिंग पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांना जोडलेले असते, त्यामुळे हँडल वळवले की तेही वळते आणि त्याचे वजन व वाऱ्याचा मारा थेट स्टिअरिंगवर येतो. रोड ग्लाइडचे फेअरिंग चासीला पक्के असते. ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. चॅलेंजरचे फेअरिंगही चासीलाच जोडलेले आहे.

रस्त्यावरची रोड ग्लाइड पेट्रोल-ऑइल भरून 380 किलोच्या आसपास जाते. म्हणजे जवळपास शंभर किलो उतरवल्यावरच खरे काम सुरू होते. मूळ पेट्यांच्या जागी कार्बन फायबरच्या हलक्या पेट्या येतात आणि वळणात जमिनीला घासू नयेत म्हणून त्या वर, आत सरकवलेल्या असतात. पण वजनापेक्षा मोठी अडचण जमिनीपासूनच्या उंचीची. मूळ गाडी साधारण 32 अंश कलली, की तिचे फुटबोर्ड रस्त्याला टेकतात. शर्यतीत ती पन्नास अंशांच्या घरात कलवावी लागते. त्यासाठी लांब शॉक अॅब्सॉर्बर आणि उलटे फोर्क लावून अख्खी गाडी उचलतात, फुटबोर्ड काढून पायाचे रेस्ट मागे आणि वर नेतात, सायलेन्सर अंगालगत घेतात. 19 इंची पुढचे चाक जाऊन 17 इंची येते आणि त्यावर खाचा नसलेले गुळगुळीत स्लिक टायर चढतात. डाव्या बाजूला इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या प्रायमरी चेनचे रुंद कव्हर तरीही बाहेर राहतेच, त्यामुळे डाव्या वळणात किती झुकायचे याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

हार्लेच्या टूरिंग गाड्यांचे इंजिन रबरी माउंटवर बसवलेले असते. सिलिंडरांमध्ये 45 अंशांचा कोन असलेल्या मोठ्या व्ही-ट्विनचे हादरे स्वारापर्यंत पोचू नयेत, म्हणून ही सोय. लांबच्या प्रवासात तिचे महत्त्व पाठ आणि मनगटे सांगतात. पण या रचनेत मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा आधारही इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच असतो. म्हणजे इंजिन रबरावर हलले की मागचे चाकही किंचित भरकटते आणि वेगवान वळणात गाडी डुलू लागते. त्यामुळे माउंट कडक करणे आणि इंजिन चासीत घट्ट धरून ठेवणे ही पहिली कामे ठरतात. चॅलेंजरला ही अडचण कमी, कारण तिची चासी अॅल्युमिनियमच्या ओतीव भागांची आहे आणि इंजिन त्या रचनेचाच एक भाग आहे.

इंजिनांची जातही वेगळी. हार्लेचे मिलवॉकी-एट हे इंजिन पुशरॉडवर, म्हणजे झडपा लांब दांड्यांनी उघडणाऱ्या रचनेवर चालते आणि शर्यतीसाठी ते 131 घन इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे 2,147 सीसीपर्यंत वाढवतात. इंडियनचे पॉवरप्लस पाण्याने थंड होणारे, 60 अंशांचे आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या डोक्यावर असलेले आहे. शर्यतीत ते 112 घन इंचांचे, पण जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) झेपवणारे. एकाकडे आकारमान, दुसऱ्याकडे फिरण्याची क्षमता. दोन्ही गाड्यांना एकाच पातळीवर आणायचे, तर नियमही दोघांसाठी वेगळे करावे लागतात. मिलवॉकी-एटमध्ये जास्त आरपीएमवर तेल क्रँककेसमध्ये, म्हणजे फिरत्या क्रँकच्या पेटीत साचून राहण्याचा त्रास आहे. ते तेल फिरत्या क्रँकला अडते, ताकद खाते आणि तापमान वाढवते. म्हणून या इंजिनात ऑइल पंपाकडे सिलिंडरइतकेच लक्ष द्यावे लागते.

पहिली शर्यत ऑक्टोबर 2020 मध्ये कॅलिफोर्नियातील लगुना सेका येथे झाली आणि टायलर ओहारा यांनी चॅलेंजरवर ती जिंकली. अनेकांनी तेव्हा हा एका दिवसाचा तमाशा मानला होता. 2021 मध्ये तिची मालिका झाली, हार्लेने कारखान्याचा संघ उतरवला आणि काइल वायमन विजेते ठरले. 2022 चे विजेतेपद ओहारांकडे गेले. 2023 मध्ये हेडन गिलिम यांनी ते मिळवले आणि त्याच वर्षी त्यांनी बाजारातल्या 1000 सीसी स्पोर्ट्स गाड्यांचा स्टॉक 1000 हा गटही जिंकला. एकाच हंगामात दोन टोकांच्या गाड्यांवर विजेता होणे ही माझ्या मते या खेळातली सर्वांत मोठी कामगिरी आहे. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाचे ट्रॉय हर्फॉस आणि 2025 मध्ये पुन्हा वायमन. डेटोनाच्या 31 अंश उतार असलेल्या वळणांवर आता या गाड्या ताशी 290 किलोमीटरच्या पुढे जातात.

वेगापेक्षा पाहण्यासारखे असते ते ब्रेकिंग. या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर 1,625 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सर्किटवरच्या वेगवान सुपरबाइकपेक्षा जवळपास वीतभर जास्त. ती चपळ वळत नाही, पण ब्रेक दाबल्यावर मागचे चाकही सहज उचलले जात नाही. स्वार उंच हँडल धरून, कोपर बाहेर काढून बसलेला असतो आणि एवढे वजन वळणाच्या तोंडाशी आवरताना गाडीचे शेपूट आडवे सरकते. ते सरकणे थांबवायचे नसते, मोजूनमापून वापरायचे असते. मातीवरच्या फ्लॅट ट्रॅकवर घडलेल्या अमेरिकी स्वारांना हे अंगवळणी पडलेले आहे.

2024 मध्ये ऑस्टिनच्या सर्किटवर या शर्यती मोटोजीपीच्या फेरीसोबत झाल्या. त्यापुढचे पाऊल म्हणून 2026 पासून मोटोजीपीच्या निवडक फेऱ्यांबरोबर बॅगर वर्ल्ड कप भरवण्याचे 2025 मध्ये जाहीर झाले. सर्किटवरचे शिक्षण रस्त्यावरच्या गाड्यांतही उतरू लागले आहे. हार्लेच्या सीव्हीओ या महागड्या खास मालिकेतल्या 2024 च्या रोड ग्लाइड एसटीला 121 घन इंचांचे जास्त ताकदीचे इंजिन, टायटॅनियमचे सायलेन्सर आणि कार्बन फायबरचे भाग मिळाले. 2025 मध्ये आणलेल्या सीव्हीओ रोड ग्लाइड आरआरमध्ये थेट 131 घन इंचांचे इंजिन आहे आणि गाड्याही 131 च बनवायचे ठरले.