सर्व्हर दोनाचे चार झाले, की आधी नावे आणि वही

लातुरातल्या डाळमिलमध्ये पूर्वी एकच सर्व्हर असायचा, टॅलीचा. आता वजनकाट्याचा वेगळा, हिशेबाचा वेगळा, शिवाय एखादा क्लाउडवर भाड्याने घेतलेला. यंत्रे वाढली की सगळ्यात मोठा धोका एकच: आपण नेमके कोणत्या यंत्रावर काम करतोय, हेच ध्यानात न राहणे.

मिलचे सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्याच हातून हे घडले आहे. ऐन तुरीच्या हंगामात आमच्या माणसाने चाचणीचा समजून वजनकाट्याचा सर्व्हर रीबूट केला, म्हणजे बंद करून पुन्हा चालू केला. दोन्ही सर्व्हरच्या, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडक्या पडद्यावर शेजारी-शेजारी उघड्या. एकाचे नाव ‘सर्व्हर १’, दुसऱ्याचे ‘सर्व्हर २’. काट्यावर गाड्यांची रांग लागली, हमाल बसून राहिले. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून कुठेही गेलो तरी पहिले काम नावांचे.

नाव कामावरून ठेवा: ‘काटा’, ‘हिशेब’, ‘चाचणी’. देवाचे किंवा लेकरांचे नाव ठेवले, तर नव्या माणसाला ‘गणेश’ बंद करावा की नाही हे कळणार कसे? चालू कामाच्या सर्व्हरची खिडकी लाल, चाचणीची हिरवी करून घ्या. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर आम्ही ‘मॉली-गार्ड’ नावाचा छोटा प्रोग्राम टाकतो. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुरून सर्व्हरवर शिरून, रीबूट दिले की ते आधी त्या सर्व्हरचे नाव टाइप करायला लावते. नाव चुकले, तर रीबूट होत नाही.

नंतर वही. कागदाचीच, कारण लाइट गेली आणि नेट बंद पडले की कॉम्प्युटरमधली यादी उघडत नाही. एका सर्व्हरला एक पान: काम, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), कोणत्या यूपीएसवर, बॅकअप कुठे जातो, एसएसएल सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीचा दाखला) कधी संपते (लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे फुकट सर्टिफिकेट फार तर ९० दिवस चालते). काही बदल केला की तारीख, वेळ आणि कारण लिहून सही करा. पासवर्ड मात्र वहीत लिहू नका, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये.

वेळ लिहिताना घड्याळ बघा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. दुपारी ३ ची अडचण लॉगमध्ये (सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या नोंदींत) सकाळी ९:३० ला सापडते.

बॅकअपमधली एखादी फाइल महिन्यातून एकदा परत आणून उघडून बघा. ‘बॅकअप झाला’ या मेलवर विसंबू नका.

पुढच्या भेटीला कोरी वही आम्हीच आणू. पहिली पाने सोबत बसून भरू आणि वही तुमच्याकडेच राहील. सर्व्हरच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याला त्या दिवशी थांबायला सांगा.