पांढरी दोनची सिंफनी

१७८२ चा जुलै. व्हिएन्नात राहणाऱ्या मोझार्टला साल्झबुर्गहून वडिलांचा निरोप आला : आपल्या ओळखीच्या हाफनर घराण्यातल्या मुलाला उमरावपद मिळतंय, समारंभासाठी एक नवी सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना) रचून पाठव, आणि लवकर पाठव. मोझार्टला तेव्हा मान वर करायला फुरसत नव्हती. त्याचा नवा ऑपेरा नुकताच रंगमंचावर आला होता, त्यातलं संगीत फुंकवाद्यांसाठी बसवून द्यायचं होतं, आणि ४ ऑगस्टला लग्न होतं, ज्याला वडिलांची संमती अजून आलेली नव्हती. तरी त्यानं रात्री जागवून एकेक भाग लिहिला आणि जसा तयार होईल तसा टपालानं धाडला. सोबतच्या पत्रात, जाता जाता लिहावं तसं त्यानं लिहिलंय की सिंफनी डी मेजरमध्ये केली आहे, कारण तुम्हाला ती पट्टी जास्त आवडते.

मुलगा वडिलांची मनधरणी करत होता हे उघड आहे. पण लेओपोल्ड मोझार्टना हीच पट्टी का आवडावी? आणि एकट्या त्यांनाच ती आवडत होती असंही नाही. हायडनच्या क्रमांक लावलेल्या १०४ सिंफनींपैकी वीसहून जास्त डी मेजरमध्ये आहेत. दुसऱ्या कुठल्याही पट्टीच्या वाट्याला इतक्या आलेल्या नाहीत. क्रमांक १ डी मेजर, शेवटची क्रमांक १०४ ही डी मेजर. मोझार्टची ‘पॅरिस’ (१७७८), ही ‘हाफनर’ आणि ‘प्राग’ (१७८६), तिन्ही डी मेजर. बेथोव्हेनची दुसरीसुद्धा. बारा स्वरांवर बारा मेजर पट्ट्या मांडता येतात, मग सगळ्यांची पावलं या एकाच दाराशी का वळावीत?

आधी आपल्या भाषेत सांगतो. पेटीवर सी म्हणजे पांढरी एक, त्यामुळे डी म्हणजे पांढरी दोन. मेजर म्हणजे सगळे शुद्ध स्वर, म्हणजे आपला बिलावल थाट. तेव्हा डी मेजर म्हणजे पांढरी दोनला सा मानून वाजवलेला बिलावल, एवढंच. (राग नव्हे, फक्त थाट. बिलावल रागाच्या चालीशी याचा संबंध जोडू नये.)

आता आपल्याकडे पट्टी कशी ठरते? गळ्यावरून. गायक म्हणतो, माझी काळी एक. गायिका म्हणते, माझी काळी चार. तंबोरे त्याप्रमाणे लागतात. कुणी पांढरी दोनमध्ये गायलं म्हणून ते गाणं जास्त शूर किंवा जास्त तेजस्वी होत नाही. नीट जुळवलेल्या आजच्या पियानोवर तर बाराही पट्ट्यांतलं अंतरांचं गणित तंतोतंत सारखं असतं. सिंफनीत बहुधा कुणी गातही नाही. पण ऑर्केस्ट्रालाही गळा असतो. अठराव्या शतकात तो पितळेचा, आतड्याच्या तारांचा आणि लाकडाचा होता, आणि त्याची पट्टी पांढरी दोन होती.

पितळेपासून सुरुवात करू. त्या काळच्या ट्रंपेटला आजच्यासारख्या कळा नव्हत्या. सात-आठ फूट लांबीची, वळवून घेतलेली साधी नळी. तत्त्वानं आपली तुतारीच. तुतारीला भोकं नाहीत, कळा नाहीत, तरी वाजवणारा तिच्यातून वेगवेगळे स्वर काढतो. कसे? ओठांच्या थरथरीनं नळीतली हवा कंप पावते, पण नळी कुठलाही कंप चालवून घेत नाही. तिच्या लांबीत बरोबर बसतील अशाच लाटा टिकतात, आणि त्यांची कंपनसंख्या एका मूळ संख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पूर्णांकी पटीतच असते. डी च्या ट्रंपेटची मूळ कंपनसंख्या आजच्या मापानं सेकंदाला साधारण ७३. दुप्पट केली की १४७, तिप्पट २२०, चौपट २९४, पाचपट ३६७, सहापट ४४०. सरगमात मांडलं तर सा, मग प, मग वरचा सा, मग ग, मग पुन्हा प.

तंबोऱ्याजवळ बसलेल्याला हा ग ओळखीचा वाटेल. पंचम आणि षड्जाच्या तारा छेडल्यावर न छेडलेला जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच पाचवा. सातवा स्वर कोमल निषादाच्याही जरा खाली उतरतो, आणि अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतो. खालच्या बाजूला हे स्वर एकमेकांपासून लांब लांब आहेत. आठव्यापासून पुढे ते जवळ येतात आणि तिथे कुठे सलग सुरावट वाजवणं शक्य होतं. बाखच्या काळात त्या उंचीवर सहज फिरणारे वादक होते. हायडनच्या पिढीपर्यंत ती कला ओसरली आणि ट्रंपेटच्या वाट्याला बहुतेक सा, प आणि अधूनमधून ग एवढंच उरलं.

म्हणजे रचना ज्या पट्टीत, त्याच पट्टीची नळी हवी. युरोपात ट्रंपेट मुख्यतः सी आणि डी या दोन लांब्यांची असायची. मधले तुकडे जोडून नळी लांब करता येई, बी फ्लॅटसारख्या (फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली) आणखी काही पट्ट्या त्यातून मिळत, पण घरच्या पट्ट्या या दोनच. बाखनं ‘मॅग्निफिकाट’ हे चर्चमधलं स्तोत्रगीत १७२३ मध्ये ई फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोनमध्ये लिहिलं आणि दहाएक वर्षांनी तेच अर्ध्या सुरानं खाली, डी मध्ये आणून पुन्हा लिहून काढलं. आपल्याकडे मैफलीत एखाद्याचा गळा बसला की तंबोरा अर्ध्या सुरानं उतरवतात, तसंच काहीसं.

ट्रंपेटबरोबर टिंपनी येणारच. हे वाद्य मुळात नगाऱ्याच्या कुळातलं, तुर्कांच्या फौजांकडून युरोपात पोहोचलेलं. दोन टिंपनी, एक सा वर आणि दुसरी प वर चढवलेली. डी मेजरमध्ये डी आणि ए. ट्रंपेट आणि टिंपनी ही जोडी वाजवण्याचा अधिकारही कुणालाही नव्हता. १६२३ मध्ये सम्राट दुसरा फर्डिनांड यानं ट्रंपेटवादक आणि नगारजींच्या संघाला खास सनद दिली होती. दरबार, फौज, मोठे सण, एवढ्याच जागी ती जोडी गाजायची. आपल्याकडे चौघडा कुठे झडतो, तसंच.

१७८० च्या दशकात क्रिस्टियान शुबार्ट नावाचा कवी-संगीतकार होहेनास्पेर्गच्या किल्ल्यात कैदेत होता. तिथे त्यानं प्रत्येक पट्टीचा स्वभाव सांगणारं एक प्रकरण तोंडी सांगून लिहून घेतलं. पुस्तक छापलं गेलं १८०६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्यात डी मेजर ही विजयाची, हालेलुयाची, रणघोषाची पट्टी आहे. पुढे कित्येक जण हे वाक्य उगाळत राहिले. मला वाटतं, शुबार्टनं घोडा गाडीच्या मागे जुंपला. विजयाच्या प्रसंगी जी वाद्यं वाजत ती डी मध्ये वाजत, म्हणून डी मध्ये विजय ऐकू येऊ लागला. हॅन्डेलचा ‘हालेलुया’ कोरस डी मेजरमध्ये आहेच, आणि त्याचं १७४९ चं आतषबाजीचं संगीतसुद्धा. आयुष्यभर मंगलकार्यात सनई ऐकलेल्या माणसाला सनईच्या सुरातच मंगल ऐकू येतं, त्यातलाच हा प्रकार.

पण एवढ्यानं सी आणि डी यांच्यातली चुरस सुटत नाही. शिवाय हायडनच्या पहिल्या सिंफनीत ट्रंपेटही नाहीत आणि टिंपनीही नाहीत. फक्त तंतुवाद्यं, दोन ओबो आणि दोन हॉर्न. तरी ती डी मध्येच. उत्तराचा दुसरा, आणि मला जास्त आवडणारा भाग तारांमध्ये आहे.

व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. व्हियोलाच्या सी, जी, डी, ए. चेलोच्या त्याच, एक सप्तक खाली. आजच्या डबल बासच्या ई, ए, डी, जी. चौघांच्या तारा शेजारी मांडून बघा : जी, डी आणि ए या तीन सगळ्यांकडे आहेत. आता डी ला सा म्हणा. जी होतो मध्यम, ए होतो पंचम. म्हणजे पांढरी दोनच्या पट्टीत सा, म आणि प हे तीन खांब पूर्ण ताफ्यातल्या प्रत्येक तंतुवाद्यावर मोकळ्या तारेच्या रूपानं हजर असतात. सी मेजरमध्ये प मोकळा मिळतो, पण व्हायोलिनवर सा मिळत नाही. ई फ्लॅटमध्ये तर सा, म, प तिन्ही बोटाखाली दाबलेले.

मोकळी तार असण्याचा फायदा तिला छेडण्यापुरता नाही. सतार किंवा सारंगीच्या तरफेच्या तारा आठवा. वाजवणारा त्यांना हात लावत नाही, पण वर त्यांचा स्वर लागला की त्या आपोआप घुमतात. हाच अनुनाद. घरात गिटार असेल तर आत्ता करून बघण्यासारखं आहे. चौथ्या, म्हणजे डी च्या मोकळ्या तारेवर कागदाचा छोटा कपटा दुमडून ठेवा. शेजारच्या जाड, म्हणजे ए च्या तारेवर पाचव्या पडद्यावर बोट दाबून ती जोरात छेडा. तो स्वर डी च आहे. कपटा नाचायला लागेल, कदाचित उडून पडेल. आता बोट एकच पडदा पुढे सरकवून तेवढ्याच जोरानं छेडा. कपटा जवळजवळ ढिम्म. ऊर्जा तेवढीच, पण झोपाळ्याला चुकीच्या वेळी ढकललं तर तो जसा चढत नाही, तशी तार त्या कंपनांना दाद देत नाही.

व्हायोलिनवर डी मेजर वाजवताना हे क्षणोक्षणी घडत असतं. बोट दाबून वाजवलेल्या डी ला मोकळी डी साथ देते, ए ला मोकळी ए. वीस-पंचवीस तंतुवाद्यं एकत्र असली की हा आधार ऐकणाऱ्याला उजळपणासारखा जाणवतो. आपल्याकडचे बरेच व्हायोलिनवादक पाश्चात्त्य पद्धत सोडून तारा सा-प-सा-प अशा लावतात, त्यामागेही हीच घुमण्याची ओढ असते. आपण तारा पट्टीप्रमाणे फिरवल्या. त्यांनी तारा तशाच ठेवल्या आणि पट्टी तारांप्रमाणे निवडली.

याचा मोझार्टनं केलेला एक प्रयोग मला फार खट्याळ वाटतो. १७७९ मध्ये त्यानं व्हायोलिन आणि व्हियोला यांची ‘सिंफोनिया कॉन्चेर्तांते’ लिहिली, ई फ्लॅट मेजरमध्ये. व्हियोलाचा आवाज मुळात जरा दबका. मग त्यानं काय केलं, तर एकट्या व्हियोलावाल्यासाठी कागदावर डी मेजर लिहिलं आणि सांगितलं की तुझ्या चारही तारा अर्धा सूर चढवून लाव. ऐकणाऱ्याला सगळं ई फ्लॅटच ऐकू येतं. पण व्हियोलावादकाची बोटं डी मेजरमध्ये फिरतात, त्याच्या मोकळ्या तारा घुमतात, आणि बाकीच्यांच्या तारा दाबलेल्या राहतात. शुबार्टनं हे प्रकरण नीट पाहिलं असतं, तर पट्टीचा स्वभाव स्वराच्या उंचीत नसतो हे त्याला तिथेच सापडलं असतं.

उंचीचंच म्हणाल तर तीही तेव्हा वेगळी होती. आज ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. हे मान १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलं. मोझार्टच्या काळच्या, १७८० च्या सुमाराच्या एका जुन्या ट्यूनिंग फोर्कचा ए सुमारे ४२२ भरतो. म्हणजे तेव्हाची पांढरी दोन आजच्या पेटीवर शोधायला गेलो तर ती काळी एकच्या जास्त जवळ सापडेल. पण तारा, नळ्या, टिंपनी सगळंच एकत्र खाली होतं, त्यामुळे घुमणं तेवढंच राहिलं.

लाकडाचं थोडक्यात. त्या काळच्या आडव्या बासरीला सहा भोकं आणि एकच कळ. सगळी भोकं बंद केली की डी, आणि एकेक बोट उचलत गेलं की डी मेजर. बासरीवाल्याला पांढरी दोन म्हणजे माहेरच.

हे सगळं एका जागी ऐकायचं तर हायडनची १०४ वी घ्यावी. ४ मे १७९५ रोजी लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये ती झाली, आणि त्या एका संध्याकाळी हायडनला ४,००० गुल्डेन मिळाले. असं फक्त इंग्लंडातच घडू शकतं, अशी नोंद त्यानं करून ठेवली आहे. सुरुवातीला सगळा ताफा एकत्र दोनच स्वर गर्जून सांगतो, सा आणि प. लगेच कळतं की आपण मायनरमध्ये आहोत, शोकाच्या छायेत. इथे एक गंमत आहे. मायनरला लागणारा कोमल गंधार डी च्या ट्रंपेटमध्ये नाहीच, निसर्गानं तिला शुद्ध गंधार दिलाय. म्हणून अशा जागी हायडनला ट्रंपेटकडून सा आणि प एवढंच मागता येतं. पुढे मेजरचं ऊन पडतं. शेवटच्या भागात तर चेलो आणि हॉर्न खालचा डी नुसता धरून ठेवतात, आणि त्या आसेवर व्हायोलिन लोकगीतासारखी एक चाल नाचवत आणतात. कानाला तंबोरा लागलेला माणूस तिथे खुर्चीत सावरून बसतो.

१८१४ नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत पितळी वाद्यांना झडपा बसू लागल्या, आणि हळूहळू ट्रंपेटला कुठलीही पट्टी मोकळी झाली. सिंफनीतली डी मेजरची मक्तेदारी त्या शतकात सैल होत गेली. व्हायोलिनच्या तारा मात्र होत्या तशाच राहिल्या. बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकटं व्हायोलिन पुढे आणि ताफा साथीला, अशी रचना; १८०६) डी मेजर. ब्राम्सचा आणि चायकोव्हस्कीचा, दोन्ही १८७८ चे, दोन्ही डी मेजर. ट्रंपेटची अट उठली तरी तारांची अट उठली नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम आखूनही यापेक्षा स्वच्छ प्रयोग जमला नसता.

लेओपोल्ड मोझार्टना ही पट्टी का आवडायची हे त्यांनी कुठे लिहिलं असेल तर मी वाचलेलं नाही. पण ते व्हायोलिनचे शिक्षक होते, आणि त्यांचं व्हायोलिनवादनावरचं पुस्तक मुलाच्याच जन्मवर्षी, १७५६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्यांच्या हनुवटीला ते कारण रोज जाणवत असणार.

समारंभ पार पडला, आणि कागद साल्झबुर्गलाच राहिले. मोझार्टनं ते परत मागवून घेतले, आणि १७८३ च्या फेब्रुवारीत ते पाहून वडिलांना कळवलं की यातला एकही स्वर मला आठवत नव्हता, मी थक्कच झालो. २३ मार्चच्या व्हिएन्नातल्या जलशासाठी त्यानं पहिल्या आणि शेवटच्या भागात बासऱ्या आणि क्लॅरिनेट वाढवले. सिंफनीचे पहिले तीन भाग त्यानं जलशाच्या आरंभी ठेवले. मग गाणी झाली, पियानो झाला, आणि प्रेक्षक उठायच्या आधी तिचा चौथा भाग वाजला.