शाळेवरचा खर्च वाढला, मग पोरांचं वाचन का नाही? थोडा मागचा इतिहास

मागच्या महिन्यात आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग होती, शाळा जि.प.ची, नाशिकपासून तासाभरावर, त्र्यंबक तालुक्यात. एक पालक उठले आणि म्हणाले, "सर, शाळेला एवढा पैसा येतो म्हणता, मग माझ्या चौथीतल्या पोरीला धडा का वाचता येईना?" कोणाकडेच नीट उत्तर नव्हतं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं तेव्हाच सांगितलं होतं की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि गावच्या मास्तराला महिना 12 रुपयांपेक्षा कमी पगार नको. म्हणजे पैसा किती यासोबत तो कोणाकडे जातो हेही त्यांनी तेव्हाच विचारलं. नाशकात 1914 ला मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला तोही याच पोकळीतून, सरकारी पैसा बहुजनांच्या पोरांपर्यंत पोचत नव्हता म्हणून लोकांनी स्वतः बोर्डिंग काढलं.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (1964-66) देशाच्या उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं, 2020 च्या धोरणातही तोच आकडा परत लिहिलाय. याच काळात अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा 1966 चा रिपोर्ट आला, लाखो मुलांची माहिती घेऊन निष्कर्ष असा की मार्कांमधला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीवरून जास्त ठरतो. त्याचा अर्थ बऱ्याच जणांनी "शाळेवर पैसा घालून उपयोग नाही" असा काढला आणि तिथून जी भांडणं सुरू झाली ती पुढची पन्नास वर्षं. 2016 मध्ये तिथल्याच जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या अर्थतज्ज्ञांनी कोर्टाच्या निकालांमुळे ज्या शाळांचा निधी वाढला तिथली मुलं मोठी होईपर्यंतचा हिशोब लावला, तर बारा वर्षं सलग 10 टक्के जास्त खर्च झालेली मुलं जास्त शिकली आणि मोठेपणी सुमारे 7 टक्के जास्त कमवायला लागली, फायदा गरीब घरातल्या मुलांना सगळ्यात जास्त. मला यातला "सलग" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे 1987 ला खडू-फळा मोहीम आली, दोन खोल्या दोन शिक्षक. मग 2001 ला सर्व शिक्षा अभियान, 2010 पासून आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा. खोल्या झाल्या, संडास झाले, पोरं शाळेत आली आणि हे कमी नाही हो, ज्यांनी झाडाखालची शाळा बघितलीय त्यांना विचारा. पण 'असर' या, मुलांना वाचता-गणित करता येतं का हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या ग्रामीण पाहणीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुलं 2010 मध्ये 53.7 टक्के होती ती 2012 मध्ये 46.8 वर आली.

आंध्र प्रदेशातला एक प्रयोग वाचला तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलो. शाळांना मुलामागे साधारण 125 रुपये वह्या-साहित्याला दिले. पहिल्या वर्षी अचानक आले तर मार्क वाढले, दुसऱ्या वर्षी पालकांना आधीच माहीत होतं म्हणून त्यांनी घरचा वही-पेनाचा खर्च कमी केला आणि फायदा गेला. यात पालकांची चूक नाही, तंगी असलेलं घर हेच करणार. याउलट मुंबई आणि बडोद्यात बालसखी, वस्तीतलीच शिकलेली मुलगी, महिना 500 ते 750 रुपयांवर, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पोरं रोज दोन तास वेगळी बसवून शिकवायची, आणि त्यांचे मार्क खरंच वाढले.

आमच्या शाळेत गेल्या वर्षी अनुदान आलं मार्चमध्ये, 31 च्या आत खर्च दाखवायचा म्हणून भिंती रंगवल्या. बोलक्या भिंती छान दिसतात, व्हरांड्यात बाराखडी आहे, आणि ती पोरगी रोज त्याच बाराखडीखाली डबा खाते. 'क' ओळखते, 'कमळ' म्हणताना अडते. आता समितीने ठराव केलाय की निधी जूनमध्ये द्या आणि त्यातून गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या ताईला रोज दोन तास मानधनावर घ्यायची परवानगी द्या. ठराव पंचायत समितीकडे गेलाय.