बाळंतिणीचा काढा: दुधात उतरतं किती?

हिवाळ्यात धुळ्याचा पारा दहा अंशांच्या खाली गेला की खान्देशातल्या घरांत आलं, तुळस, मिरी, गवती चहाचा काढा उकळू लागतो. घरात अंगावर पाजणारी आई असेल तर प्रश्न येतोच: तिने हे घेतलं तर बाळाला बाधेल का?

आईने घेतलेला पदार्थ आधी तिच्या रक्तात येतो आणि त्यातला थोडा भाग दुधात उतरतो. रेणू मोठा असेल किंवा रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहणारा असेल, तर फारच कमी उतरतो. डॉक्टर हिशेब करतात तो वजनाच्या प्रमाणात. आईच्या डोसच्या 10 टक्क्यांहून कमी बाळाला मिळत असेल, तर बहुतेक औषधं चालतात असं मानलं जातं.

चव मात्र उतरते. 1991 साली अमेरिकेत आयांना लसणाच्या गोळ्या देऊन दूध हुंगून पाहिलं गेलं. साधारण दोन तासांनी वास सर्वात जास्त येत होता, आणि बाळं तोंड फिरवायच्या ऐवजी जास्त वेळ पीत राहिली. लसणाच्या ठेच्याशिवाय ज्यांचं जेवण होत नाही, त्या आपल्या भागातल्या आयांना यात नवल वाटायचं कारण नाही.

म्हणजे स्वयंपाकात जेवढं आलं-हळद जातं तेवढ्याच्या काढ्याची धास्ती घेऊ नये. बाटली आणि पुडी ही वेगळी गोष्ट. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर आईचा रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क तयार होतोच, आणि तो रक्तात असेल त्याच प्रमाणात दुधातही असतो. भस्मं घातलेल्या पुड्यांचं भय सर्वात जास्त. 2004 मध्ये बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं दुधात उतरतं. पुडीवर घटक लिहिलेले नसतील, तर देणारा कितीही ओळखीचा असो, ती घेऊ नये.

मेडिकलमधली गोळीही निर्धोक नाही, हे सांगायलाच हवं. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या 60 मिलिग्रॅमच्या एकाच डोसने दूध सरासरी 24 टक्के कमी झाल्याचं 2003 च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. दूध आधीच कमी असेल तर ही गोळी टाळलेली बरी. मिठाच्या पाण्याचे नाकात थेंब, कोमट पाणी, जपून घेतलेली वाफ यांनी दुधाला काही होत नाही.

आता केळ्याचं. जळगाव जिल्हा केळ्याचं आगर, आणि तिथेच बाळंतिणीला बजावतात, "केयं खाऊ नको, पोर्‍याले सर्दी व्हई जाई." सर्दी विषाणूंमुळे होते. आईने खाल्लेल्या केळ्यातून ती दुधात येत नाही. येते ती तिच्या शिंकेतून आणि हातांतून. म्हणून पाजताना तोंडाला रुमाल बांधावा, हात साबणाने धुवावेत, पण पाजणं थांबवू नये. तिच्या शरीरात त्या विषाणूविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळत असतात.

खरा धोका असतो तो दूध वगळून थेट बाळापर्यंत जाणाऱ्या उपायांचा. काढ्यात घातलेला मध आईला चालतो. बाळाला मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही चाटवू नये, कारण त्यात बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना अडवू शकत नाही. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून कापूर-मेंथॉलचा बाम दोन वर्षांखालच्या मुलाच्या छातीला किंवा नाकाला लावू नये. आईनेही तो स्वतःच्या छातीला लावून बाळाला जवळ घेऊ नये.

तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सियस किंवा जास्त ताप आला, ते प्यायचं थांबलं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर काढा, धुरी, शेक सगळं बाजूला ठेवून त्याला लगेच दवाखान्यात न्यावं, मग रात्र असो की दिवस.