हेडर वेगळा, फ्री-फ्लो वेगळा

"मामा, गाडीला हेडर टाकायचाय. आवाज भारी येतो ना त्याने?"

भाच्याच्या या बोलण्यात हेडर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर या दोन वेगळ्या वस्तू एकमेकींत मिसळल्या आहेत. गल्लत त्याची एकट्याची नाही. आमच्या नाशिकात द्वारका-सारडा सर्कलच्या बाजूला "हेडर लावून द्या" म्हणत गेलेला माणूस बऱ्याचदा मागचा सायलेन्सर बदलून परत येतो. आवाज वाढलेला असतो, म्हणून हेडर बसला असं त्याला वाटतं. महिनाभराने कसारा घाट चढताना गाडी पूर्वीसारखीच दमते, तेव्हा तो विचारतो की मग पैसे कशाचे गेले.

इंजिनच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातून, जळालेला वायू बाहेर पडतो तिथे बिडाचा एक जाड ओतीव भाग असतो. तो मॅनिफोल्ड. हेडर म्हणजे त्याच्या जागी बसणारा नळ्यांचा जुडगा. तिथून पुढे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅट कन्व्हर्टर, गाडीच्या पोटाखालून जाणारा पाइप आणि शेवटी बंपरखाली सायलेन्सर. फ्री-फ्लो हा या शेवटच्या डब्याचा अवतार. दोघांमध्ये अख्ख्या गाडीचं अंतर आहे. एक इंजिनच्या नाकाशी बसतो, दुसरा शेपटीला.

फ्री-फ्लोचं थोडक्यात सांगतो. कंपनीच्या डब्यात वायूला कप्प्याकप्प्यांतून वळसे घ्यावे लागतात, त्यातच आवाज मरतो. फ्री-फ्लोमध्ये बहुधा भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचतंतूंचं भरण असतं. अडथळा कमी, आवाज जास्त. दोन-तीन क्लॅम्प, रबरी हँगर, तासाभराचं काम. छोट्या इंजिनाला त्याने ताकद फारशी मिळत नाही. उलट हायवेवर एका ठरावीक वेगाला केबिनमध्ये जी घूं घूं सुरू होते, तिने मुंबईला पोहोचेपर्यंत डोकं धरतं. आवाजाची आवड असेल तर ती आवड म्हणा, तिला पिकअपचं नाव देऊ नका.

हेडरचं काम खरं सुंदर आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

चार सिलिंडरच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की वायूचा दणका नळीतून सुटतो. तो नळ्यांच्या जोडापर्यंत पोहोचला की तिथून दाब कमी असलेली लाट उलटी व्हॉल्व्हकडे येते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदमच उघडे असतात. नेमक्या त्या क्षणी ही लाट पोहोचली, तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला हात देते. नळीची लांबी आणि व्यास यांचं गणित त्यासाठीच. ओतीव मॅनिफोल्डमध्ये फाटे आखूड असतात, एका सिलिंडरचा दणका शेजारच्याच्या वाटेत आडवा येतो.

इंजिन १-३-४-२ या क्रमाने पेटतं. म्हणून ४-२-१ हेडरमध्ये १ आणि ४, तसंच २ आणि ३ अशा नळ्या आधी जोडतात, कारण या जोड्यांमध्ये पूर्ण एका फेऱ्याचं अंतर असतं. हा प्रकार मधल्या आरपीएमला खेच देतो. चारही नळ्या एकदम एकत्र आणणारा ४-१ वरच्या आरपीएमला खुलतो. कॉलेज रोडच्या सिग्नलपासून सिग्नलपर्यंत चालणाऱ्या गाडीला ४-१ घालण्यात अर्थ नाही. आणि साध्या १२०० सीसीच्या गाडीत नुसत्या हेडरने वाढणारे हॉर्सपॉवर हाताच्या बोटांवर मोजता येतात, हेही आधीच सांगून ठेवतो.

आता कॅट कन्व्हर्टर. माझ्या २००६ च्या पेट्रोल गाडीत तो मॅनिफोल्डपासून वेगळा, खाली आहे, म्हणून हेडर लावूनही तो जागच्या जागी राहिला. नव्या गाड्यांत तसं नसतं. कॅट तापल्याशिवाय काम करत नाही, त्याला अडीचशे-तीनशे अंश तरी लागतात. तो लवकर तापावा म्हणून हल्ली त्याला मॅनिफोल्डला चिकटूनच बसवतात. अशा गाडीचा मॅनिफोल्ड काढला की कॅटही हातात येतो. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांची) गाडी असेल तर माझं स्पष्ट मत आहे, हात लावू नका. चेक इंजिनचा दिवा लागेल ते वेगळंच, पण मागून निघणारा धूर आपल्याच गल्लीतली पोरं ओढणार आहेत. कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ निराळं. आधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून घ्या. काही नव्या इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, तिथे हेडर लावायला जागाच नाही.

घरी लावायचा असेल तर दोन्ही कामांतला फरक पाना हातात घेतल्यावर कळतो. फ्री-फ्लोचा जोड जरा ढिला राहिला तर फटफट ऐकू येते, क्लॅम्प आवळला की संपलं. हेडरच्या जोडाची चूक इतकी स्वस्त नसते. जळक्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर या नळीत असतो, त्याच्या आधी गळती असली की दणक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते वाढवून देतो, आणि ॲव्हरेज कोसळतं.

माझा अनुभव सांगतो. ऑनलाइन मागवलेला हेडर दिसायला आरशासारखा होता. बसवण्याआधी फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी भोकांची जाड पट्टी, उलटी करून तिच्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे बघितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधून उजेडाची बारीक रेघ येत होती. फट मोजायच्या फिलर गेजचं ०.२५ मिमीचं पान तिथून सहज सरकलं. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकते, विकणाऱ्याने ती नंतर सरळ करायला हवी होती. अंबडला मित्राच्या वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडरवर घेतली, वीस मिनिटांत सपाट झाली. तशीच आवळली असती तर जोडातला नवा गॅस्केट (गळती रोखणारी पातळ चकती) महिन्याभरात फुंकला असता.

बाकी क्रम असा. आदल्या रात्री थंड इंजिनच्या स्टडवर (हेडमध्ये रोवलेले, नट बसणारे आटेदार दांडे) गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा मारा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. नट फिरत नसेल तर जोर करू नका, पुढे-मागे हलवत सोडवा. नटाबरोबर स्टड बाहेर आला तर बिघडत नाही, नवा घालता येतो. तुटला तर मात्र हेडमध्ये ड्रिल मारावं लागतं आणि ते घरचं काम नव्हे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जुना गॅस्केट लोखंडी पात्याने खरवडू नका. सेन्सरला २२ मिमीचा खाचेचा सॉकेट घ्या. साधा सिलिकॉन सीलंट कुठेही लावू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. गॅस्केट नवा, नट नवे, आवळणं मधून बाहेर आणि तीन फेऱ्यांत, शेवटची फेरी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना), आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. वायरिंग आणि एसीचा पाइप नळ्यांपासून लांब बांधा. नळ्यांना कापडी हीट रॅप गुंडाळायचा मोह होतो, पण साध्या लोखंडी हेडरला तो नकोच. आपल्याकडच्या पावसात त्याखाली ओल धरते आणि नळी आतल्या आत गंजते.

गळती तपासायची माझी रीत अशी. इंजिन बंद आणि थंड असताना, व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकण्याच्या बाजूला लावून फडक्याने सायलेन्सरच्या तोंडाशी धरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडे आले तिथे गळती.

पहिल्यांदा इंजिन सुरू कराल ते उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. बोटांचं तेल जळून थोडा धूर येईल, घाबरू नका. मी त्या दिवशी त्र्यंबकपर्यंत जाऊन आलो. पहिला फरक आवाजात नव्हता, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जाणवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, पुन्हा टॉर्क रेंच लावला. नवा गॅस्केट तापून दबला होता. मधले दोन नट पाव-पाव फेरा फिरले.