टाळू दुभंगलेल्या बाळाला बोंडल्याने दूध पाजताना

बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) घ्यायला येणाऱ्यांपैकी काहीजण दुकानात हळूच सांगतात, "बाळाची टाळू फाटलेली आहे." त्यांच्यासाठी हे पत्रक. (टाळू म्हणजे तोंडातलं वरचं छत, तेलाने भरतो ती डोक्यावरची नव्हे.)

नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात. टाळूचं तसं नाही. नाक आणि तोंड यांच्यामधला पडदाच अपुरा असल्याने बाळाने कितीही चोखलं तरी ओढ बसत नाही. भोक पडलेल्या नळीने सरबत प्यावं तशी गत. तासभर छातीशी राहून बाळ दमून झोपतं आणि घरातले म्हणतात, आईला दूधच नाही. दूध असतं, बाळाला ते ओढता येत नाही. म्हणून आईचंच दूध काढून पाजायचं.

बाळाला आडवं ठेवू नका. मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान सावरा. बोंडलं अर्धंच भरा. चोच ओठाच्या कोपऱ्यातून, फट नसलेल्या बाजूच्या गालात टेकवा आणि थोडं थोडं सोडा. गिळल्याशिवाय पुढचा घोट नको. थोडं दूध नाकातून येणारच. थांबा, पुसा, पुन्हा पाजा. ठसका थांबेना किंवा ओठ निळे पडले तर मात्र तडक दवाखाना गाठा. ही बाळं हवाही खूप गिळतात, तेव्हा मध्येमध्ये ढेकर काढा. सगळं अर्ध्या तासात आटपा, नाहीतर प्यायलेलं श्रमातच जातं.

वजन दर आठवड्याला करा. सुरुवातीच्या महिन्यांत रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ हवी. ओठाची शस्त्रक्रिया साधारण 3 ते 6 महिन्यांत, टाळूची 9 ते 18 महिन्यांत होते आणि त्यासाठी बाळ बाळसेदार लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार येतात, आशाताईंना विचारा.

आणि हो, ग्रहणात विळीला हात लावल्याने असं होत नाही. आईला बोल लावू नका.

खास बाटल्याही मिळतात, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच. दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

नक्षीचं चांदीचं बोंडलं बारशाला शोभतं, पण खाचांत दूध अडकतं. रोजच्यासाठी साधं, गुळगुळीत स्टीलचं घ्या; दरवेळी घासून उकळा. घेण्याआधी इथेच पाणी ओतून चोचीची धार पाहा. भसकन पडत असेल तर दुसरं मागा.